मनात पडलेली चाकोरी

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की वाटेत बोरी अरब लागतं. अडाण नदीच्या काठचं गाव, चहूकडे काळी माती. या मातीतून पावसाळ्यात ज्यानं बंडी हाकली आहे, त्याला चाकोरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पावसानंतर पहिली बंडी जिथून जाते तिथं चाकांच्या दोन खोल रेघा पडतात. दुसऱ्या दिवशीची बंडी त्यांतच उतरते. तिसऱ्या दिवशी कासरा ओढायचीही गरज राहत नाही. मग ऊन पडतं, चाकोरी दगडासारखी वाळते, आणि बाजूला चांगली कोरडी सपाट जागा असली तरी चाक तिकडे वळत नाही. वळवायचं तर खाली उतरून खांदा लावावा लागतो.

मनाचंही असंच होतं. एक विचार दहा वेळा एकाच वाटेनं गेला की अकराव्या वेळी तो आपण करत नाही, तो होतो. आणि त्या विचारामागून आपले हातपाय जातात: आज वावरात जायचं की नाही, कापूस विकायचा की ठेवायचा, दवाखान्यात जायचं की अंगावर काढायचं. हा लेख अशा चाकोऱ्या ओळखण्याविषयी आणि त्यांना खांदा लावण्याविषयी आहे. सुरुवात आमच्या घरापासून करतो.

२०२१-२२ च्या हंगामात कापसानं क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. त्या वर्षीचा लांब धाग्याचा हमीभाव होता ६,०२५ रुपये. एवढा भाव आमच्या भागातल्या कास्तकारानं कधी पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी कापूस घरात आला तेव्हा भाव आठ-नऊ हजारांच्या घरात होता, म्हणजे त्या वर्षीच्या ६,३८० रुपये हमीभावापेक्षा बराच वर. पण बाबांच्या मनात दहा हजार रुतून बसले होते. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. त्यातल्या किड्यांनी पोरांच्या अंगाला खाज सुटायची. कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "थांबून पायू, अजून वाढन." गावात बहुतेक घरी तेच चाललं होतं, त्यामुळे थांबणं शहाणपणाचंही वाटत होतं. उन्हाळा सरत आला तेव्हा भाव सात हजारांच्या आसपास उतरला आणि पेरणीच्या पैशासाठी कापूस काढावाच लागला. वीस क्विंटलांमागे तीस हजारांहून जास्त रक्कम गेली.

बाबांचा अंदाज चुकला याचं मला काही वाटत नाही. भावाचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. मला खटकलं ते दुसरंच. 'दहा हजार' हा त्यांचा अंदाज आहे हे त्यांना सहा महिन्यांत एकदाही जाणवलं नाही. तो त्यांना आपला हक्काचा भाव वाटत होता, आणि बाजार जो देत होता ते नुकसान.

मनात पहिला आकडा असा का रुततो, यावर डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यांनी लोकांसमोर जत्रेतल्यासारखं आकड्यांचं चक्र फिरवलं. ते मुद्दाम असं बनवलेलं होतं की १० किंवा ६५ यांवरच थांबावं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के असतील? चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नव्हता. तरी ज्यांना १० दिसले त्यांचं उत्तर २५ टक्क्यांच्या आसपास आलं, आणि ज्यांना ६५ दिसले त्यांचं ४५ च्या आसपास. फिरत्या चक्राचा आकडा जर मनाला एवढा ओढत असेल, तर शेजाऱ्याच्या हातात पडलेले दहा हजार किती ओढत असतील!

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या विषयावर गावोगाव व्याख्यानं होतात आणि त्यांतली बरीचशी मला पटत नाहीत. "विचार बदला, नशीब बदलेल" असं म्हणणारा माणूस मंचावरून उतरून निघून जातो. ज्याचं वावर खरडून गेलं, ज्याची दुबार पेरणी झाली, त्याला हे वाक्य ऐकवणं म्हणजे नुकसानीचा दोषही त्याच्याच माथी मारणं. विचारांनी पाऊस पडत नाही, भाव वाढत नाही, कर्ज फिटत नाही. विचारांच्या हातात एकच गोष्ट असते: आपण पुढचं पाऊल कोणतं टाकतो. पण शेतीत, घरात, तब्येतीत पुढच्या पावलाला फार किंमत असते.

हे सांगायला माझ्याजवळ जुलै महिन्यातलं एक उदाहरण आहे. सोयाबीन चांगली उगवली आणि पावसानं वीस दिवस दडी मारली. पाच एकर पिवळं पडायला लागलं. मनात वाक्य आलं, "यंदाबी गेलंच. आपल्याच्यानं शेती होत नाही." मग तीन दिवस मी वावराकडे फिरकलो नाही. डवरणी राहिली. आता खंड पडलेल्या दिवसांत डवरणीचं काम काय असतं हे आपल्याकडे पोरालाही माहीत आहे. डवरा फिरला की वरची माती मोकळी होते, भेगा बुजतात, खालची ओल उडून जायची थांबते. एक कोळपणी अर्धं पाणी असं जुनी माणसं म्हणत आली आहेत. म्हणजे ज्या तीन दिवसांत पिकाला माझी सर्वांत जास्त गरज होती, तेच तीन दिवस त्या वाक्यानं माझ्याकडून काढून घेतले. पीक थोडं कमी आलं, आणि मन म्हणालं, "पाहा, मी म्हटलं नव्हतं?" चाकोरी आणखी बोटभर खोल गेली. विचार खरा होता म्हणून पीक कमी आलं, की विचारापायी डवरा फिरला नाही म्हणून? हा प्रश्न मी त्या वर्षी स्वतःला पहिल्यांदा विचारला.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो. पोराची अर्धी उरलेली, दोनशे पानी. यातली युक्ती माझी नाही. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली. तिचं सूत्र सोपं आहे: प्रसंगातून थेट त्रास होत नाही, मध्ये आपला दृष्टिकोन असतो, आणि तो तपासता येतो. मुंबईच्या डॉ. किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत भारतात रुजवली आणि मराठीत आणली. डॉ. अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी याच माणसावर आहे. वाचायची आवड असेल त्यांनी ती जरूर मिळवावी. आपल्याला कामापुरती मात्र तीन उभ्या रकान्यांची एक वही पुरते.

पहिल्या रकान्यात प्रसंग लिहायचा. फक्त डोळ्यांनी दिसलेला. "वीस दिवस पाऊस नाही, पाच एकर सोयाबीन पिवळी." दुसऱ्यात मन काय बोललं ते. तिसऱ्यात आपण काय केलं ते. रोज लिहायची गरज नाही. ज्या दिवशी जेवण गेलं नाही, झोप लागली नाही, लेकरावर उगाच हात उचलला गेला, किंवा काम समोर असून उठवलं नाही, त्या दिवशी लिहायचं. मनापेक्षा अंग आधी सांगतं, म्हणून अंगाकडे लक्ष ठेवायचं.

दुसरा रकाना लिहिताना एक काळजी घ्या, आणि ही मात्र मला माझ्याच अनुभवातून कळली आहे. मन ज्या बोलीत बोललं त्याच बोलीत लिहा. मी सुरुवातीला शाळेच्या मराठीत लिहायचो: "मला निराश वाटले." त्यातून काहीच हाती लागत नव्हतं, कारण मन तसं बोललंच नव्हतं. मन म्हणालं होतं, "आपलं नशीबच खोटं हाय." हे वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरलं तेव्हा लक्षात आलं की हा आवाज माझा नाहीच. आमचे आजोबा ओसरीवर बसून हेच म्हणायचे, हेच शब्द, हाच सूर. आजोबांच्या काळात विहीर नव्हती, रस्ता नव्हता, बँक नव्हती. त्यांनी त्यांच्या दिवसांवर मारलेला शेरा मी माझ्या दिवसांवर चालवत होतो. तुमच्या वहीतही अशी वाक्यं सापडतील. ती कुणाच्या तोंडची आहेत हे आठवून पाहा.

लिहून झालं की दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक शब्दाला विचारायचं: हे पाहिलेलं आहे की लावलेलं? "यंदाबी गेलंच." यातलं "यंदा" खरं, पाच एकर पिवळं आहे. "बी" म्हणजे दरवर्षी जातं. जातं का? मी मागची पाच वर्षं आठवून लिहिली. दोन बरी गेली होती, एक मध्यम, दोन वाईट. म्हणजे ते "बी" खोटं होतं. "गेलंच" मधला "च" तर अजून घडायचाच होता. एका अक्षराच्या या च-कारानं आपल्या भागात किती कामं अडवून ठेवली असतील!

त्यानंतर खाली एक नवं वाक्य लिहायचं. ते गोड असायला नको, खरं असायला हवं. "सगळं चांगलं होईल" हे वाक्य "सगळं गेलं" इतकंच न पाहिलेलं आहे, आणि मन त्यावर विश्वासही ठेवत नाही. मी लिहिलं होतं, "पाच एकर पिवळं पडलं. मुळाशी अजून ओल हाय. उद्या डवरा लावतो." नव्या वाक्यात उद्याचं एक काम हवंच. काम नसलेलं वाक्य दुपारपर्यंत विसरलं जातं.

आमच्या भागातल्या दोन-तीन चाकोऱ्या मात्र नाव घेऊन सांगायला हव्यात.

पहिलीनं जीव घेतले आहेत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. कारणं अनेक होती. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, कीड जोरात होती, दोन-तीन औषधं एकत्र केली जात होती, आणि अंग झाकायचं साहित्य मजुरापर्यंत पोचतच नव्हतं. या मृत्यूंचा दोष मेलेल्यांच्या विचारांवर टाकणं मला मान्य नाही. जे जबाबदार होते ते होतेच. पण आजही धुऱ्यावर उभं राहून विचारलं तर ऐकू येतं, "मले काही नाही होत, वीस वर्सापासून फवारून रायलो." हे वाक्य पुराव्यासारखं वाटतं, आणि तिथंच घात होतो. फवारणीच्या अनेक औषधांचा गुण असा की ती शरीरातलं नसांच्या कामाचं एक द्रव्य रोज थोडं थोडं कमी करत नेतात. ते भरून यायला दिवस लागतात. पहिल्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, म्हणून चौथ्या दिवशी होणार नाही असं ठरत नाही. उलट चौथा दिवस पहिल्यापेक्षा धोक्याचा. म्हणून सलग दिवस एकाच माणसानं फवारू नये, वाऱ्याच्या तोंडावर आणि भर दुपारी फवारू नये, पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला आवरण हवंच, मधे तंबाखू मळू नये, घरी आल्यावर आधी साबणानं आंघोळ आणि कपडे वेगळे. आणि मजूर लावला असेल तर हे साहित्य त्याला देणं ही मालकाची जबाबदारी आहे. "त्याले सवय हाय" ही आणखी एक चाकोरीच.

दुसरी चाकोरी कर्जाची. "लोकं काय म्हन्तीन" हे वाक्य सगळीकडे आहे, पण कर्जाच्या बाबतीत ते फार महाग पडतं. माणूस कर्ज बायकोपासून लपवतो. मग लग्नात किती खर्च करायचा, गाडी घ्यायची का, हे घर ठरवतं ते अर्धा हिशेब डोळ्यांआड ठेवून. त्यात सावकाराचे "पाच टक्के" कानाला लहान वाटतात, कारण मनात बँकेचे वर्षाचे टक्के बसलेले असतात आणि हे असतात महिन्याचे. पन्नास हजारांवर महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला तीस हजार नुसतं व्याज. ते दर महिन्याला मुद्दलात मिळवलं तर चाळीस हजारांच्या जवळ जातं. हे गुणाकार मनात करू नका, कागदावर करा. एका कागदावर घरातली सगळी देणी लिहा: कुणाचं, किती, व्याज वर्षाला किती रुपये, कधी द्यायचं. हा कागद नवरा-बायकोनं मिळून लिहायचा. ज्याचं वर्षाचं व्याज सर्वांत जास्त, ते आधी फेडायचं, मग तो माणूस कितीही गोड बोलणारा असो. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर महाराष्ट्रात व्याज सवलतीनंतर ते शून्य टक्क्यानं पडतं. आणि महिना पाच टक्क्यांची सावकारी २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यात कुठंच बसत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते.

"माफी होईलच, भरायचं कशाला" या विचारालाही मी सरसकट चूक म्हणणार नाही. २००८, २०१७, २०१९ अशा माफ्या लोकांनी पाहिल्या आहेत. तो पाहिलेल्यावर बांधलेला अंदाज आहे. पण अंदाजाची किंमत वहीत मांडून पाहा: थकबाकी झाली की शून्य टक्के जातात, पुढचं कर्ज अडतं, आणि पेरणीच्या तोंडावर पाय पुन्हा सावकाराच्या दाराकडे वळतात.

तिसरी चाकोरी बायांची आहे, आणि तिच्याकडे घरात कुणाचं लक्ष जात नाही, कारण ती कुणाला त्रास देत नाही. "माह्यं काय, चालते." आमची आई दोन वर्षं धाप लागत असताना कापूस वेचत राहिली. तपासलं तेव्हा रक्त निम्म्यावर आलेलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. यामागे गरिबी आहे, खाणं आहे, बाळंतपणं आहेत. पण सर्वांनंतर जेवणं आणि सर्वांनंतर दवाखान्यात जाणं याला जो विचार घट्ट धरून ठेवतो तो हाच. बायांनो, हे वाक्य वहीत लिहून त्यापुढे एकच प्रश्न लिहा: हेच लेकीला होत असतं तर मी "चालते" म्हटलं असतं का? आणि घरातल्या पुरुषांना सांगतो, तिनं "चालते" म्हटलं म्हणून चालतं असं समजू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची ही तपासणी होते.

आता एक प्रश्न उरतो. बाबा हुशार माणूस. अडत्याचा हिशेब तोंडी पकडतात. मग पैशाच्या निर्णयाची वेळ आली की अशा माणसांची बुद्धी कुठं जाते? याचं उत्तर तमिळनाडूतल्या उसाच्या शेतकऱ्यांकडून मिळालं. विल्लुपुरम आणि तिरुवण्णामलै जिल्ह्यांतल्या ५४ गावांमधले ४६४ शेतकरी. ऊस वर्षातून एकदा निघतो, म्हणून तोडीआधी हात रिकामे आणि तोडीनंतर भरलेले. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांना दोन्ही वेळी बुद्धीच्या चाचण्या दिल्या. तोडीआधी तीच माणसं चुकत होती, तोडीनंतर तीच सुधारत होती. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं. माणूस तोच होता, टंचाईनंच त्याच्या मनातली जागा व्यापली होती. मला हे वाचून फार मोकळं वाटलं होतं. पैसे नसताना आपण मूर्खासारखं वागतो याची जी लाज आयुष्यभर वाहिली, ती वाहायची गरज नव्हती.

त्यातून कामाची गोष्ट निघते ती अशी. मोठे निर्णय जून-जुलैत घेऊ नका. त्या दिवसांत हात रिकामा, डोक्यावर ढग, आणि जो तो घाईत. कापसाचे पैसे आले, तूर निघाली, उलंगवाडी झाली, की एक दिवस काढून बसा आणि पुढच्या हंगामाचे नियम लिहून टाका. नियम "अमुक झालं की तमुक करीन" अशा घाटात लिहावा. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं याच घाटावर बरंच काम केलं आहे. नुसत्या "यंदा नीट करीन" या निश्चयापेक्षा असा बांधलेला नियम पाळला जाण्याची शक्यता जास्त असते, कारण ऐन वेळी विचार करायचा राहिलेलाच नसतो.

आमच्या वहीत आता तीन नियम आहेत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही, मग शेजारच्या वावरात तिफण फिरू दे की काही. कृषी विभाग दरवर्षी हेच सांगतो, पण मृगाचा पहिला शिरवा पडला आणि बाजूचा पेरायला लागला की पाय थांबत नाहीत. लिहिलेलं असलं तर निदान वहीशी भांडावं लागतं. दुसरा नियम: कापसाचे तीन हिस्से करायचे. एक घरात येताच विकायचा, एक संक्रांतीनंतर, एक होळीच्या सुमारास, भाव काय आहे ते न पाहता. तिसरा: पाच हजारांच्या वरची कुठलीही सही त्याच दिवशी करायची नाही, एक रात्र मधे जाऊ द्यायची. हे नियम जादूचे नाहीत. एका वर्षी पहिला हिस्सा विकला आणि पंधरा दिवसांत भाव चढला. बाबा हळहळले. पण त्या वर्षी ते रात्रीचे झोपत होते, आणि आधीच्या हिवाळ्यातल्या त्या रात्री मला अजून आठवतात.

पोरांविषयी थोडं. "याले गणित येतच नाही" असं पाहुण्यांसमोर म्हणू नका. ते पोरगं ऐकत असतं आणि त्याच्या मनात पहिली बंडी तिथून जाते. "अजून आलं नाही" म्हणा, आणि कोणता पाढा अडला ते पाहा. नुसत्या शब्दांनी गुण फारसे वाढत नाहीत, सोबत बसून शिकवावंच लागतं.

आता जे सांगतो ते वहीच्या पलीकडचं आहे. काही विचार वहीनं पेलत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, आवडत्या गोष्टीतही जीव लागेना, तर ते आजारपण आहे, तापासारखं, साखरेसारखं. आणि "मी नसलो तर घरच्यांचं बरं होईल" हे वाक्य मनात आलं, तर ते खोटं आहे हे माझ्याकडून ऐका. ज्या घरांत असं झालं त्या घरांत मी बसून आलो आहे. कुणाचंच बरं झालेलं नाही. हे वाक्य एकट्यानं तपासायचं नसतं. त्या क्षणी उठून माणसात जा, कुणालाही हाक मारा आणि "माझ्या मनात असं येतंय" इतकं बोला. अशी लाट उसळते तशी ओसरतेही, ती ओसरेपर्यंत सोबत लागते. घरच्यांनी आधीपासून एक करावं: फवारणीची औषधं राहत्या घरात ठेवू नयेत, कुलूपबंद पेटीत ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्याजवळ असावी.

अशा आजाराला गावातच मदत मिळू शकते, हे आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यानं दाखवून दिलं आहे. तिथल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघरी जायचं, बोलायचं, ऐकायचं, लागेल त्याला डॉक्टरकडे पोचवायचं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक कुणाची तरी मदत घेत होते. दीड वर्षांनी ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. दुखणं गावात आधीही होतं. त्याविषयी बोलायला दार नव्हतं, ते उघडलं. राज्य सरकारचा 'प्रेरणा प्रकल्प'ही २०१५ पासून याच कामासाठी आहे. त्यात आशाताई घरी येऊन विचारपूस करतात. त्या आल्या तर "बरं हाय" म्हणून दारातून परत पाठवू नका. बसवा, चहा द्या, आणि खरं सांगा.

आज रात्री जेवण झाल्यावर पोराची जुनी वही काढा, तीन रकाने आखा आणि आज मन काय बोललं ते एक वाक्य तुमच्या बोलीत लिहून ठेवा. वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात १४४१६ हा आकडा लिहा. तो 'टेली मानस'चा नंबर आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र लागतो, आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.